उघडी रेघ

शनिवार, १ फेब्रुवारी

सातव्या स्टुडिओने हो म्हटलं. पूर्ण हो नाही. तीन महिने काम बघू, जमलं तर कायम, नाहीतर राम राम. मी मान इतक्या जोरात हलवली की समोरच्या बाईंना हसू आलं.

माझ्या कामाचे तुकडे जोडून केलेली दोन मिनिटांची फिल्म त्यांनी तिथेच लावली. घरभर चपला शोधत फिरणारा माणूस. माझ्या चित्रांत रेघा पूर्ण बंद होत नाहीत. खांदा सुरू होतो आणि मागच्या भिंतीत विरून जातो. बोटं आहेत असं वाटतं, पण मोजायला गेलं तर तीनच. मला दिसतं तसं, म्हणून काढते तसं. आधीच्या सहा ठिकाणी सगळे म्हणाले, "वेगळं आहे हं!" आणि त्यानंतर कुणाचा फोन आला नाही. 'वेगळं आहे' या शब्दांचा या धंद्यातला अर्थ मला आता पाठ आहे.

इथल्या मुख्य ॲनिमेटरांनी ती शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाले, "छान आहे. हे घरी ठेवायचं. आमच्याकडे बेडूक आहे."

बेडूक म्हणजे दुरुस्तीचं दुकान चालवणारा बेडूक. लहान मुलांची मालिका, कित्येक वर्षं चालू आहे. कुणाची सायकल मोडते, कुणाची छत्री अडकते, बेडूक उड्या मारत येतो आणि सगळं नीट करून देतो.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "बसून काम आहे की उभ्याने?" बाबांनी पेपर खाली न घेता विचारलं, "कायम?" म्हटलं, तीन महिन्यांनी ठरेल. "मग कारखान्यात अजून काही बोलू नकोस," म्हणाले. पंपाच्या कारखान्यात मी चार वर्षं यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढत होते. त्याच खात्यातून बाबा निवृत्त झाले. मी नोकरी सोडूनही आता बरेच दिवस झाले, पण बाबा अजून लोकांना सांगतात, ती रजेवर आहे.

सोमवार, ३ फेब्रुवारी

मोठी खोली. पडद्यांवर उजेड पडू नये म्हणून खिडक्या कायम झाकलेल्या. सतरंजीवर खुर्च्यांच्या चाकांचे चर पडलेत. बाहेर दिवस आहे की रात्र हे विचारायला खाली चहाला जावं लागतं.

मुख्य ॲनिमेटरांना सगळे गोळेसर म्हणतात. मीही दिवसभर आदराने 'गोळेसर, गोळेसर' करत होते. संध्याकाळी कळलं, त्यांचं आडनाव भलतंच आहे. ते सारखं 'गोल काढ, अजून गोल' म्हणतात म्हणून गोळे. हे त्यांना माहीत आहे का, हे मात्र कुणी सांगेना.

त्यांनी मला बेडकाचे सगळ्या बाजूंनी काढलेले नमुने दिले. "बेडूक तुझा नाही, माझाही नाही," म्हणाले. "माझ्या हातचा आणि तुझ्या हातचा शेजारी शेजारी ठेवला तर त्याच्या आईलाही कळता कामा नये. आणि दुसरं, त्याला थांबू द्यायचं नाही. तो थांबला की मुलं उठून जातात."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

माझे पहिले सगळे सीन रंगखात्याकडून परत.

आम्ही फक्त रेघा काढतो. रंग पलीकडच्या टेबलांवर भरतात. संगणकात बादलीचं चित्र असतं, ती बादली रेघेच्या आत ओतली की तेवढा भाग रंगतो. पण रेघेला फट असेल तर रंग थांबत नाही. माझ्या बेडकाला दंडापाशी फट होती. हिरवा रंग तिथून निसटला आणि दुकान, सायकल, आभाळ, सगळं हिरवंगार.

रंगखात्याच्या प्रमुख बाईंना इथे बादलीताई म्हणतात. त्या माझ्या टेबलापाशी आल्या. पन्नाशीच्या, केस अगदी बारीक कापलेले, आवाज वर्गात सगळ्यात मागच्या बाकापर्यंत जाईल असा.

"हे तुझं?"

"हो."

"दार लावायला घरी कुणी शिकवलं नाही का?"

सगळी खोली हसली. मीही हसले, पण कान तापले होते. चार वर्षं पंपाची ड्रॉइंग काढताना एकही रेघ उघडी राहिली नव्हती माझी. तिथे तसं चालतच नाही. त्याच रेघांना कंटाळून तर तिथून बाहेर पडले. आता बेडकासाठी परत तेच?

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज गोळेसरांनी बोलावलं. सीन असा: बेडकाला स्टूल उचलून बाजूला ठेवायचं आहे. माझा बेडूक स्टुलापाशी येतो, थांबतो, त्याच्याकडे बघतो, मग उचलतो.

"हा बघत का बसलाय?"

"माहीत नाही, सर. तसंच आलं हातातून."

"पायात आलं की उचलून बाजूला टाकायचं स्टूल आहे ते. त्याच्याशी लग्न करायचंय का त्याला?" आणि त्यांनी मधली चित्रं उडवली. बेडूक आला, उचललं, गेला. चटकन झालं. त्यांच्या हातचं मी पाहिलंय, त्यांचा बेडूक कधीच थांबत नाही. रबरी चेंडूसारखा.

रेघांचे आणखी सीन परत आले. बादलीताईंनी फक्त फाइलचं नाव 'दार' असं करून पाठवलं.

घरी येऊन चपलांच्या माणसाचं पुढचं काम काढलं. त्याची पूर्ण फिल्म करायची आहे. दोन चित्रं झाली आणि डोळे मिटायला लागले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

कमाल झाली. या आठवड्यात एकही सीन परत आला नाही!

मी फार काही बदललेलं नाही, हे इथे खरं लिहायला हरकत नाही. जरा काळजी घेते एवढंच. दंडाजवळ, बोटांजवळ अजून तशाच सोडते, कारण तिथे रेघ बंद केली की हात प्लॅस्टिकचा दिसायला लागतो. पण बहुतेक आता फटी लहान झाल्या असतील. किंवा संगणकच लहान फटी सांभाळून घेत असेल. म्हणजे दोन्ही जमतं तर. आपलंही ठेवायचं आणि नोकरीही करायची. उगीच लोक बाऊ करतात.

रविवार, २ मार्च

सकाळी बाबांनी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला घेतला. हल्ली ते कुठलीही वस्तू उचलायच्या आधी जरा थांबतात. पाना ओट्यावर पडलेला, ते त्याच्याकडे बघतात, जणू ओळख पटवून घेतात, मग उचलतात. आईला ते बघवत नाही. "अहो, तो काय तुम्हाला चावणार आहे?" म्हणाली. बाबा म्हणाले, "पाठ धरते. आधी मनात उचलतो, मग हातात."

दुपारी कारखान्यातल्या जुन्या साहेबांचा फोन. माझी जागा त्यांनी अजून भरलेली नाही. एप्रिलच्या सुरुवातीला नवीन माणूस घ्यायचा आहे, त्याआधी काय ते कळव, म्हणाले. मी विचार करते म्हटलं. बाबा शेजारीच होते. फोन ठेवल्यावर त्यांनी दूरदर्शनचा आवाज पुन्हा वाढवला.

एप्रिलच्या सुरुवातीला इकडचा निकाल लागलेला नसणार. म्हणजे हातातलं सोडून द्यायचं आणि नुसतं बसायचं. सोपं नाही.

मंगळवार, ११ मार्च

सगळं सुरळीत. गोळेसरांनी आज जाता जाता 'बरं आहे' म्हटलं. त्यांच्या तोंडून हे म्हणजे जवळजवळ हार घातल्यासारखं.

बादलीताई मात्र दिवसेंदिवस तिरसट होत चालल्यात. जेवणाच्या सुट्टीतही खुर्ची सोडत नाहीत. डाव्या हातात चमचा, उजव्या हातात पेन. मनगटाला पट्टा बांधलाय. रंगखात्यात एवढं काय काम असतं कुणास ठाऊक. बादली उचलायची, ओतायची. आज न राहवून म्हटलं, "ताई, जरा उठून फिरून या. एका जागी बसून हात दुखतो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच उठून फिरायला गेले.

शोरीलमध्ये, म्हणजे नमुन्याच्या त्या दोन मिनिटांच्या फिल्ममध्ये, आता बेडकाचे दोन-तीन सीन घालायला हवेत. म्हणजे पुढे कुणी 'वेगळं आहे' म्हणायच्या आत तेही दाखवता येईल.

सोमवार, २४ मार्च

बादलीताई आजपासून रजेवर. मनगट सुजलंय, डॉक्टरांनी पेन हातात घ्यायला बंदी केली आहे. त्यांच्या जागी बाहेरून एक रंगारी आणलाय.

दुपारी तीनला त्याने माझे सगळे सीन परत पाठवले. सगळे. एकही धड नाही. हिरवी भिंत, हिरवी खिडकी, एका सीनमध्ये दुकानात आलेल्या म्हातारीचं अख्खं तोंड हिरवं.

गोळेसर माझ्यामागे उभे राहून बघत होते. "हे असं कधीपासून?"

"सर, महिनाभर एकही परत आला नव्हता."

"तेच विचारतोय. महिनाभर हे कुठे होतं?"

त्यांनी रंगखात्यातल्या जुन्या फाइली उघडल्या. रंग भरून झालेला माझा बेडूक मोठा करून पाहिला. दंडापाशी माझी रेघ जिथे संपते तिथून पुढे एक केसाएवढी हिरवी रेघ. अगदी रंगाच्याच छटेची, कुणाला दिसू नये अशी. बोटांपाशी तशीच. गळ्यापाशी तशीच. पुढचं चित्र उघडलं, तिथेही. त्याच्या पुढच्यातही. बेडकाने एकदा हात हलवायचा तर बारा चित्रं लागतात. प्रत्येकात.

"हिने बंद केल्यात," गोळेसर म्हणाले. "एकेक. हाताने." त्यांनी फाइल बंद केली. "आणि मला सांगितलं नाही. आल्यावर बघतो तिच्याकडे."

मी म्हटलं, "सर, सगळे सीन मी परत काढते."

"ते तर काढायचेच आहेत," म्हणाले.

गुरुवार, २७ मार्च

पत्ता मागून घेतला आणि बादलीताईंच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, दारात सायकल. दार त्यांच्या नणंदेने उघडलं. बादलीताई आत हात उशीवर ठेवून बसल्या होत्या, डाव्या हाताने शब्दकोडं सोडवत होत्या. अक्षरं चौकटींबाहेर चाललेली.

मी काय बोलायचं ते रस्ताभर ठरवलं होतं. आत गेल्यावर एकच वाक्य आलं. "ताई, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"बस आधी. चहा घेणार?"

"तुमचा हात माझ्यामुळे गेला."

"गेला नाही, आहे इथेच. सूज आहे, उतरेल. आणि फक्त तुझ्यामुळे नाही, वीस वर्षं बादल्या ओततेय मी. तू शेवटची ओतलीस एवढंच."

नणंदेने चहा ठेवला. मी कप हातात धरून बसले.

"पहिल्यांदा परत पाठवले तुझे," बादलीताई म्हणाल्या. "नंतर एकदा परत पाठवायच्या आधी सीन चालवून बघितला. तो किल्लीचा. बेडूक किल्ली घेतो तो. परत बघितला. म्हटलं, आता आपण आणखी ओरडलो तर ही काय करेल? रेघा बंद करेल आणि हात आखडून घेईल. नवीन माणसं हेच करतात. ओरडा खाल्ला की नीट काढायला लागतात, मग त्यांच्या चित्रात बघण्यासारखं काही राहत नाही. म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत, हात बसू दे, मग सांगू."

"आणि सांगायचं राहिलं."

"सांगणारच होते. तू मला फिरायला जा म्हणालीस त्या दिवशी तर अगदी जिभेवर आलं होतं."

मी कप खाली ठेवला. "पण ताई, ती उघडी रेघ हीच माझी होती ना? तीच बंद करायची तर मग माझं काय राहिलं? कुणीही काढेल तो बेडूक."

"हे बघ," त्यांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं. "महिनाभर तुझ्या रेघा मी बंद केल्या. त्या बंद केल्यावर काय उरतं ते मी पाहिलंय. तू पाहिलेलंच नाहीस."

"काय उरतं?"

"बंद कर आणि बघ. मला काय विचारतेस?"

निघताना नणंद दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "रोज कुणीतरी पोरगी आहे म्हणून सांगायची. तूच का ती?"

रविवार, ३० मार्च

दोन दिवस बंद रेघांनी काढते आहे. फार वाईट दिसतं. बेडूक नाही, फुगा. काय उरतं म्हणे. मला तर काही उरलेलं दिसत नाही. ताई मला बरं वाटावं म्हणून बोलल्या असणार.

शुक्रवार, ४ एप्रिल

जुन्या साहेबांचा फोन. आज सांगावं लागणार होतं.

स्टुडिओत माझं काही खरं नाही. गोळेसर कामापुरतं बोलतात. परत काढायचे निम्मे सीन बाकी आहेत. शहाण्या माणसाने कारखान्याला हो म्हटलं असतं.

मी नाही म्हटलं. का म्हटलं ते लिहायला बसले तर नीट कारण सापडत नाही. परवा एका सीनमध्ये बेडूक बरणीचं झाकण उघडतो. रेघ पूर्ण बंद, गळ्यापासून पायापर्यंत, तरी तो बेडूक मला ओळखीचा वाटला. पुन्हा चालवला. का ते कळलं नाही, पण तो सीन टाकून पंपाकडे जायला पाय उचलेना.

रात्रीच्या जेवणाला सांगितलं. आईचा हात थांबला. बाबा पाणी प्यायले. मग म्हणाले, "नाही म्हणताना नीट म्हणालीस ना? आभार मानलेस?"

"मानले."

"मग झालं." आणि थोड्या वेळाने, "आता कुणाला रजेवर आहे असं सांगता येणार नाही."

सोमवार, १४ एप्रिल

बादलीताई कामावर परत. गोळेसरांनी त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. मी न विचारता मागोमाग गेले आणि सांगितलं, "सर, मला काय बोलायचं ते बोला. ताईंनी जे केलं त्यामुळे मी इथे टिकले." गोळेसर म्हणाले, "तुला कुणी बोलावलं?" बादलीताई म्हणाल्या, "आलीच आहे तर दार लाव." मी लावलं. त्यावर दोघंही हसले आणि मला बाहेर पाठवलं. आत नंतर काय बोलणं झालं ते माहीत नाही. ताई बाहेर आल्या तेव्हा बऱ्या दिसत होत्या.

परत काढलेले सगळे सीन दिले. एकही परत आला नाही. या वेळी मी स्वतः मोठे करकरून पाहिले, केसाएवढी रेघ कुठेच नव्हती.

बुधवार, ३० एप्रिल

निकाल. काचेच्या खोलीत गोळेसर आणि मी.

"रेघ सुधारली," म्हणाले. "वेळेत देतेस. पण तुझा बेडूक अजून थांबतो."

"हो, सर."

"किती वेळा कापले मी ते थांबे?"

"सगळे."

"सगळे नाही. बरणीचा आणि शिडीचा, ते दोन ठेवलेत." त्यांनी चष्मा पुसला. त्यांना तो पुसायला फार वेळ लागतो. "कायम करतोय तुला. एका भागात एक थांबा मिळेल. दुसरा मागितलास तर कापणार."

"दोन द्या, सर."

"एक."

"मोठा असला तर?"

"बाहेर जा," म्हणाले.

बादलीताईंना सांगितलं. त्यांनी पाठीवर थाप मारली, डाव्या हाताने. म्हणाल्या, "तुझा तो चपलांचा माणूस पूर्ण कर आता. रंग मी भरणार नाही, आधीच सांगून ठेवते."

घरी आईने दोनदा विचारलं, कायम म्हणजे अगदी कायम? बाबा उठले आणि खाली गेले. अर्ध्या तासाने परत आले. शेजारच्यांना, दुकानदाराला, वाटेत भेटलेल्या टपालवाल्याला, सगळ्यांना सांगून आले, असं आईला नंतर कळलं. मला म्हणाले, पाय मोकळे करायला गेलो होतो.

रविवार, ८ जून

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. काम खूप असतं. चपलांच्या माणसाची वीस सेकंदं झाली, उघड्या रेघांनीच. त्याला घाई नाही.

आज माझे सीन असलेला पहिला भाग लागला. नावं शेवटी इतकी पटापट सरकतात की माझं मलाही वाचता आलं नाही. आई म्हणाली, "बेडूक छान आहे, पण तू कुठे आहेस यात?" मी म्हटलं, तेच तर, कळता कामा नये असंच काम आहे ते.

"का कळू नये?" बाबा म्हणाले. त्यांनी मला तो भाग परत लावायला सांगितला आणि खुर्ची पुढे ओढून बसले. "हा तुझा," बरणीच्या सीनला म्हणाले. बरोबर होतं. मधले कितीतरी सीन जाऊ दिले. "हाही तुझा." शिडीचा. तोही बरोबर. मला आश्चर्यच वाटलं. विचारलं, कसं ओळखलं?

"उचलायच्या आधी बघतो ना तो," म्हणाले, जसं काही हे सगळ्यांना दिसतंच.

शेवटी बेडूक दुकान बंद करतो. दिव्यापाशी येतो, थांबतो, त्याच्याकडे बघतो, मग विझवतो. बाबांनी खुर्चीच्या हातावर बोट आपटलं. "आणि हा. हा सगळ्यात चांगला जमलाय तुला."

तो माझा नव्हता. तो सीन गोळेसरांनी मे महिन्यात स्वतः बसून काढलाय, मी त्यांच्या पडद्यावर पाहिला होता. पण बाबा इतके खूश दिसत होते की मी हो म्हटलं. तीनपैकी दोन ओळखले हेही काही कमी नाही. त्यांची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.